सव्वीस इंच

माझी खुर्ची सव्वीस इंच.
अनसूयाताईच्या टेपनं मोजलेली.
ज्या टेपनं तिनं अर्ध्या चेंबूरच्या ब्लाउजांचे
खांदे, मुंढे, कमरा मोजल्या
तोच टेप आता बागांची फाटकं मोजतो.

"इथला सोनमोहर बघायचा असेल
तर आठ इंच बारीक हो," म्हणते,
आणि 'खांब मोटरसायकली अडवायला लावलेत'
असं सांगणाऱ्या वॉचमनला विचारते,
"मग त्या आत कशा?"
तीन उभ्या होत्या, करंजाच्या सावलीत.

आमच्या वहीत फुलं कमी, आकडे जास्त.
तामण, कॉलनीची बाग: रॅम्प आहे. रॅम्पवर कुंड्या आहेत.
कैलासपती, स्मशानाशेजारी: सपाट. अगदी सपाट.
(तिथं न्यायची सोय लोक आधीच करून ठेवतात.)
टॅबेबुया, विक्रोळी, हायवेच्या कडेचा रस्ता:
गटाराची झाकणं अकरा, सातवं डुगडुगतं,
रविवारी, साडेसहाच्या आत.
मग मात्र गुलाबी. इतकं गुलाबी
की ताई म्हणाली, "हे कापड मी कुणाला घेऊ दिलं नसतं."

मुंबईत पानगळ नसते म्हणतात.
म्हणणारे वर बघत चालत असतील.
मी खड्डे बघत जाते,
त्यामुळे शिशिर कधी लागला ते मला
आधी कळतं.

परवा मंगळवारी, रेशन दुकानामागचं बदामाचं झाड.
फाटक नाही, तिकीट नाही, पायरी नाही.
एक पालथं पिंप, एक झोपलेलं कुत्रं
आणि खाली ही एवढी पानं:
शेंदरी, जांभळट, रंगलेल्या विड्यासारखी लाल,
काही अजून शिरांपुरतं हिरवं धरून बसलेली.
चाक गेलं की पापड मोडल्यासारखी वाजतात.
मी मुद्दाम मागेपुढे केलं. तीनदा.
कुत्र्यानं एक डोळा उघडला, मिटला.

एक पान मांडीवर येऊन पडलं.
मांडीला कळलं नाही, मला दिसलं.
ताईनं सवयीनं टेप काढला,
देठापासून टोकापर्यंत धरला.
"नऊ," म्हणाली.
वही पिशवीतच होती.
तिनं ती काढली नाही.