बुडाशी ठिपका

धोपाव्याहून फेरीबोट सुटते तेव्हा
पिशवीत असतात जुनी वर्तमानपत्रं, एक भिंग,
जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी,
आणि चेहरा असतो
काहीच आवडलं नसल्यासारखा.

दाभोळात मला काचवाला म्हणतात.
बायका विचारतात, हिरवा चुडा आहे का?
नाही हो, मी विकत नाही, घेतो.
लोणच्याची बरणी नको, औषधाची बाटली नको.
रंग काचेच्या पोटातला हवा,
वरून फासलेला नको.

हवाबी मुकादम तांदूळ मोजत होती
लाल पेल्याने.
मी उंबऱ्यातच थांबलो.
उन्हाचा एक तुकडा पेल्यातून जाऊन
तिच्या मनगटावर सांडला होता
रातांब्याच्या रसासारखा,
आणि तिला त्याची खबरही नव्हती.

"सासरा आगबोटीवर भंडारी," ती म्हणाली.
"मोंबासाहून आणले, गवतात गुंडाळून, बिस्तऱ्यात.
सहा आणले होते.
सहाही आहेत."

मी नखाने टिचकी मारली.
आवाज उठला तो लवकर बसेना.
काठावरून बोट फिरवलं, कुठे कपची नाही.
पालथा केला. बुडाशी बेंबी होती,
तापल्या सळईवरून पेला तोडतात तेव्हा राहते ती,
खरखरीत.
साच्यातल्या काचेला बेंबी नसते.
माझ्या धंद्यातलं निम्मं शास्त्र एवढंच.

पण बेंबीशेजारी एक ठिपका.
नेलपॉलिशचा, गुलाबी. सहाही बुडांवर.
"हे कशाला?"
"लग्नाला, मौलूदला सगळा मोहल्ला नेतो की.
खारवीवाड्यात बारशालाही जातात.
खूण नसली तर घरी कसे यायचे?"
मी म्हणालो, डाग आहे. भाव उतरतो.

ह्या लालीत चिमूटभर सोनं विरघळलेलं असतं.
हे मला ठाऊक होतं.
मी वर्तमानपत्राची घडी उलगडत राहिलो.

"एकच देते," ती म्हणाली.
"डाव्या डोळ्यात काच बसवायचीय चिपळूणला.
काच देऊन काच."
आणि हसली.
मी नऊशे म्हणालो, ती पंधराशे,
मध्ये कुठेतरी एक कोंबडी ओरडत गेली
आणि बाराशेवर आम्ही दोघं गप्प झालो.
मी निघालो तेव्हा ती दुसऱ्या पेल्याने
उरलेले तांदूळ मोजत होती.

गुहागरला घरी येऊन
कापसाला थेंबभर ॲसिटोन लावलं.
दोन फेऱ्यांत ठिपका गेला.
पेल्याचा भाव पाचशेने वाढला.
कापूस गुलाबी झाला,
तो मी का कोण जाणे
फेकला नाही लगेच.

रात्री दिवा घालवून बॅटरी फिरवली फळीवरून.
हिरवट वाडगा पेटला, पिवळी कुपी पेटली,
काळोख्या रात्री वल्ह्याखाली पाणी पेटतं तशी.
लाल पेला तेवढा काळा राहिला.
सोनं ह्या उजेडाला भीक घालत नाही,
पुस्तकात आहे तसं.
तरी मला उगाच वाटलं,
रुसलाय.

पुण्याची एक बाई आली, पेला फिरवून फिरवून पाहिला,
म्हणाली, अगदी स्वच्छ आहे हो, कुणाचा होता?
मी म्हणालो, द्यायचा नाहीये.
का, ते तिलाही कळलं नाही.

मग परवा फेरीबोटीत हवाबी.
डोळ्यावर काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी.
"बरं दिसतं का?"
चष्मा कपाळावर सरकवून
तिने आधी खाडी पाहिली, मग मला.
"तुझा शर्ट निळा आहे होय?
मला आजवर करडाच वाटायचा."

बोट धक्क्याला लागत होती.
मोटरसायकली सुरू झाल्या, धूर झाला.
माझ्या कानाशी वाकून ती म्हणाली,
"आणि पेले एवढे लाल होते?
सांगायचंस की रे."