साक्ष

निपाणीहून चिकोडीकडं जाताना डाव्या हाताला.
फलकावर कन्नडात 'केरे' आहे,
आम्ही तळं म्हणतो.
पाणी दोघांनाही ओ देत नाही.

माझ्या नऊ होड्या, पायडलच्या.
हंसांच्या माना गेल्या साली रंगवून घेतल्या,
रंगाऱ्यानं डोळे मात्र माशाचे काढले.
अर्ध्या तासाला साठ रुपये.
जाकीट घातल्याशिवाय सोडत नाही,
आणि जाकिटांना वास येतो, मला ठाऊक आहे.

रविवारी वखारीतल्या पोरी येतात,
केसांत तंबाखूची धूळ,
चौघी एका होडीत,
हसता हसता पायडल मारायचं विसरतात.
चैत्रात पाणी उतरलं की मधोमध एका जागी
होडी खालून खरवडते. अडते.
"काका, खाली काय हाय?"
दगुड, म्हणतो मी.

दगड नाही.

दुष्काळात हे तळं खणलं, तेव्हा
शट्टुप्पा तेरा वर्षांचा.
मजुरी म्हणजे तांबडा मिलो
आणि शनिवारी थोडे पैसे.
खणताना मध्ये मुरमाचा एक खुंट सोडायचे,
मूळ जमिनीएवढा,
किती खोल गेलो ते मोजायला.
साक्ष म्हणायचे त्याला.
माप झालं, पगार झाला, की साक्ष पाडायची.

शेवटच्या आठवड्याला मुकादमानं टेप लावली,
वहीत आकडा लिहिला,
जीपमध्ये बसला.
तो शनिवार अजून यायचा आहे.
कुणी काही ठरवलं नाही.
साक्षीला कुदळ कुणी लावली नाही, एवढंच.
मग ओढ्याचं पाणी आलं.

आता शट्टुप्पाचे गुडघे गेलेत.
चार नंबरच्या हंसात तो बसतो, पायडल मी मारतो.
पाण्याकडं बोट करून सांगतो,
इथं माझ्या छातीएवढं.
इथं तुळसव्वाच्या पायावर टिकाव पडला.
इथं भाकरी खायला बसायचो, सावली नव्हती.
मधोमध आलो की बाही सारून
कोपरापर्यंत हात आत घालतो.
मी दुसरीकडं बघतो.

रंगीत कारंजं बसणार म्हणतात, बरोबर तिथंच.
परवा साहेब येऊन मापं घेऊन गेले.
शट्टुप्पाला सांगितलं.
"मापं घेतली?" म्हणाला,
आणि खोकला येईपर्यंत हसला.

काठाला लागलो. मी तिकीट फाडलं, सवयीनं.
तो एक पाय चिखलात टाकत म्हणाला,
"माझं एका आठवड्याचं येणं हाय,
त्यातनं वळतं करून घे की."