गुण्या

फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात
बाबांनी लिहिलं खलाशी, मग खोडून: दर्या.
फादर मिनेझिस हसले नाहीत.
“इंजिन बंद पडलं तर?”
“वल्हवतंव. नायतर सायबाचा नाव घेतंव.”

फिटिंगची शेवटची जागा मिळाली,
बोर्डिंगात कॉट नंबर एकोणतीस,
खिडकीतून वेंगुर्ल्याचं दीपगृह, अर्धंच.

जूनपासून एकच लोखंडी तुकडा घासतोय कानशीनं.
पेजेलाही आता लोखंडाचा वास.
फादर गुण्या लावून उजेडाकडे धरतात,
एक डोळा मिटतात:
“गळतो अजून, इनास.”

नाताळात घरी.
बाबांनी होडीच्या जुन्या फळ्यांचा गोठा केलेला,
एकही कोपरा काटकोनात नाही.
मागचा बल्ब फटींतून
बाळाच्या पेंढ्यावर सांडत होता.
खिशातल्या गुण्यावर
माझा हात होता. तसाच राहिला.