अनामत

वेळ पाच ते सात, गुरुवारी बंद.
सदाशिव पेठेत पिठाच्या गिरणीवर पहिला मजला,
जिना असा की ज्याला हे साहित्य लागतं
त्याला तो कधीच चढता येऊ नये.
कुबड्या, वॉकर, हवेची गादी, कमोडची खुर्ची,
डोक्याकडून उचलणारा पलंग. हमाल आपले आपण आणावेत.
पाटी मीच रंगवून घेतली :
पावती हरवल्यास अनामत मिळणार नाही.
वस्तू धुऊन, कोरडी करूनच परत करावी.
कारणे सांगत बसू नये.

सांगतातच.
बरे झालेल्यांची माणसं जिना दणदणत येतात,
बाकीची दारात घुटमळतात,
चपला काढाव्यात की सुतकात आत येऊच नये.
रजिस्टरात दोघांनाही मी एकच शब्द लिहितो :
जमा.
चौतीस वर्षं तारऑफिसात होतो.
शब्दाला पैसे पडायचे,
आणि लोक काटकसर नेमकी रडण्यात करायचे.

सतरा नंबरचा वॉकर एकतीस घरं फिरलाय.
पर्वती पायथा, धायरी, बिबवेवाडी, एकदा सासवड.
डावं रबर जास्त झिजतं. कुणाचंही घर असो, डावंच.
हे मी कुणाला विचारलेलं नाही.

मागच्या मंगळवारी गादी घेऊन आली
ती घरची नव्हती, ब्यूरोची होती.
कांता लोणारे, मूळ रिसोडची.
‘आजोबा गेले. साहेब डब्लिनला परत गेले, म्हणले
तुम्हीच देऊन टाका.’
गादी पावडर मारून, घडी घालून, जुन्या लुगड्यात बांधलेली.
इतक्या वर्षांत कुणी अशी परत केली नाही.

सही करताना तिचं पेन अडलं.
रुग्णाशी नाते.
‘काय लिहू?’
मी वाचून दाखवलं : पत्नी, मुलगा, मुलगी, सून,
जे असेल ते.
‘कामाला,’ ती म्हणाली.
मग म्हणाली, नको, ते नको.

‘एकोणीस महिने, दर दोन तासाला कूस बदलली.
रात्रीचीसुद्धा. गजर नाही लावला.
पाठीला एक फोड येऊ दिला नाही, काका,
लेकराची असती तशी पाठ होती.
पण वैकुंठात कुणी पाहिली नाही.
पालथं करत नाहीत ना.’

खाली गिरणीचा पट्टा थांबला.
तारऑफिसात रिकाम्या रकान्याला मेमो मिळायचा.
मी रकाना रिकामा ठेवला.
अनामत पंधराशे, पावती साहेबांच्या नावे,
म्हणजे साहेबांनाच. नियम माझाच.
तिने मागितलीही नाही.
कुठं काम असलं तर सांगा म्हणाली,
आणि गिरणीच्या चिठ्ठीमागे नंबर लिहून दिला.

तिला सांगितलं नाही
की नऊ नंबरची खुर्ची ऑक्टोबरपासून माझ्याच घरी आहे.
पावती माझ्या नावे, नाते : पती,
अनामत भरली, स्वतःलाच सुटे पैसे परत दिले.
कुमुद तिच्यावर चादर टाकते, वर उशी ठेवते.
परवा अभ्यंकर येऊन तिच्यावरच बसले,
चहा प्याले, महापालिकेला शिव्या दिल्या,
आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.
ते गेल्यावर ती इतकी हसली
की मला आधी पाणी द्यावं लागलं,
आणि नंतर चादर बदलावी लागली.

नऊ नंबरपुढे परतीची तारीख
मी पेन्सिलीने टाकतो. महिना संपला की खोडतो.
कागद तिथे पातळ झालाय.

काल रात्री दोनला उठलो.
दिवा न लावता तिच्या खांद्याखाली हात घातला,
कुशीवर वळवली, पाठीवरून तळवा फिरवला,
मणका मणका, खाली कमरेपर्यंत.
जागीच होती.
म्हणाली, ‘काय शोधताय?’