तुळशीच्या घरची

इतवारीची छोटी लाइन उखडून नेली
त्या वर्षी रुळांच्या जागी दीपमाळ माजली.
पुरुषभर उंच. टप्प्याटप्प्यावर काटेरी गोळे,
गोळ्यांतून बाहेर लवदार केशरी नळ्या.
एक शिंजीर उलटा लटकून चोच घालत होता
आणि पोरं वहीत लिहीत होती, ऑरेंज फूल.
नागपूरच आहे, म्हटलं. इथं सगळंच ऑरेंज.

खरं म्हणजे मलाच नाव आठवेना.
नवी होते. साडीभर कुसळं.
इस्तारी मेश्राम, आमचे लॅब अटेंडंट,
त्यांनी फुलाकडं पाहिलंसुद्धा नाही.
"मॅडम, डोये मिटा. दांडा फिरवा बोटात.
चार कोनं लागून राह्यले न?
मंग तुळशीच्या घरची."

मग मला सगळंच आठवलं,
समोरासमोरची पानं, ओठांची फुलं,
आफ्रिकेतून कधीतरी आलेली,
बोलत सुटले मी.
ते तोवर जुन्या पेपरात झाड मुडपून
फळ्यांमध्ये आवळत होते.
काळं बी त्यांच्या चपलेवर सांडत होतं.

दिघोरीच्या टपरीवर तर्री-पोहे खाताना
विचारलं, तुमच्याकडं तुळस आहे?
"हाय न. डालड्याच्या डब्यात. खोकल्याले.
हिचा वासबी तसाच, थोडा रागीट.
पण हिले घरात कोन घेते?"
आणि रस्सा मागितला आणखी.

शीटवर मी सुबक अक्षरात लिहिलं
ठिकाण, तारीख, कुळ.
संग्राहक : माझं नाव.
गोंद त्यांचा होता. दोऱ्याचे टाके त्यांचे.

आज कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास.
केशरी रंग उतरून चहासारखा झालाय.
शीटला हात लावायचा नसतो,
पोरांना मीच ओरडते त्यावरून.
तरी डोळे मिटून दांडा चाचपला.
दाबून दाबून चपटा झालेला.
दोनच कोनं लागली.

जुनं लेबल खोडता येत नाही, असा नियम आहे.
चूक असली तरी राहू द्यायचं,
शेजारी नवी चिठ्ठी लावायची.
चिठ्ठी कापली. लिहिलं,
ओळख पटवणारे : इस्तारी मेश्राम.
पुढं कंसात पदवी लिहायची असते.
तिथं लिहिलं, डोळे मिटून.

गोंद पातळ झाला होता.
वाळेस्तोवर अंगठ्यानं दाबून धरलं.