ग्रॅम

दिघ्याच्या वर, इलठणपाड्याच्याही वर,
जिथं रिक्षावाला म्हणतो, ‘इथून पुढं चालत,’
तिथून माझी हद्द सुरू होते.
पिशवीत काटा, झोळी, थर्मामीटर,
श्वास मोजायचं घड्याळ,
आणि रजिस्टर, मागच्या पावसाळ्यात फुगलं ते फुगलंच.

रेणुका धोत्रेचं बाळ.
नाव नाही अजून. मनगटावरच्या पट्टीवर
‘रेणुकाची मुलगी’ आणि वेळ, पहाटेचे तीन दहा.
दीड महिना आधीच आली.
बीपी चढलं, डोळ्यांपुढं काजवे नाचले,
तेव्हा हणमंता रेणुकाला पाठीवर घेऊन
बंद खाणीचा उतार उतरला.
खाली अँब्युलन्सला वळायला जागा नव्हती,
ती उलटी उलटीच वर येत होती.

बारा दिवसांनी दोघी घरी आल्या.
काट्यावर एक हजार सातशे वीस.
आकडा ऐकून हणमंता म्हणाला,
‘ताई, ब्रासमध्ये सांगा.’
हसला नाही. खरंच विचारत होता.
जन्मभर त्यानं खडी ब्रासमध्ये मोजली.
ग्रॅम हे सोनाराकडचं माप,
आणि सोनाराकडं तो एकदाच गेलेला,
रेणुकाचं डोरलं ठेवायला.

यल्लूबाईनं शेगडी पेटवून ठेवलेली,
ओवा, लसणीची सालं, काजळाची डबी, पाणी तापत.
मी म्हटलं, धुरी नको. आंघोळ नको इतक्यात.
मध नको. काजळ नको.
म्हातारीचं तोंड मिटत गेलं.
कितव्या ‘नको’ला माणूस ऐकायचं थांबतं
हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही.

मग मी चित्र काढलं पिशवीतून,
पोटाच्या खिशात पिलू घेतलेलं ते जनावर.
तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं.
‘कुठल्या मुलखाचा उंदीर हा?’
मग जरा वेळानं, शेगडीकडं बघत,
‘ह्या हणम्याला मी छातीला बांधून
तीन महिने खडी फोडली.
सातव्यातच झालेला. एवढासा.
मुकादम म्हणायचा, घरी जा.
घर कुठं होतं?’

उठली, आणि तिनंच लेकाच्या शर्टाची बटणं काढली.
रेणुकाच्या हातापायांना अजून सूज होती,
ती भिंतीला टेकून बघत राहिली.
टोपी घातलेलं डोकं त्याच्या छातीच्या केसांत,
तिथं एक जुना व्रण, छिलका उडून लागलेला.
डास चावला तरी त्यानं हात उचलला नाही.
मी घड्याळ लावून श्वास मोजले, मिनिटाला अठ्ठेचाळीस.
बाळाचे.
त्याचे मोजले नाहीत, तो श्वास धरूनच बसला होता.

मध्ये एकदा काटा खाली आला, पन्नास ग्रॅम.
त्या रात्री मला झोप नाही.
आमचे हे म्हणाले, ‘अगं, पन्नास ग्रॅम म्हणजे
चहापत्तीची पुडी.’
म्हटलं, हो. तेवढीच.
(तीन महिन्यांचं मानधन अडकलंय, ते वेगळं.)

अठ्ठाविसाव्या दिवशी दोन हजार दहा.
यल्लूबाईनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला
आणि विचारलं, ‘आता काजळ लावू?’
‘नको.’
‘बरं,’ म्हणाली, आणि डबी फळीवर अजून एक हात वर सारली.

बेचाळिसाव्या दिवशी दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, तळोज्याकडं काम लागलं,
टेम्पो रात्रीच आला.
फोन बंद.
रजिस्टरात एक चौकोन रिकामा.
त्यात शून्य लिहिता येत नाही, फुली मारवत नाही,
मी पेन्सिलीनं लिहिलं, ‘कामावर गेले’.
बाळसुद्धा कामावर गेलं, असंच वाचावं लागतं ते.

उतरताना बाजारात बटाटे घेतले.
भाजीवाल्यानं दोन किलोला वर एक घातला,
काटा थरथरून थांबला तिथंच, जवळजवळ तिथंच.
पिशवी मी हातात धरली नाही.
तो म्हणाला, ‘बाई, बटाटे आहेत, अंडी नाहीत.’
म्हटलं, असू दे.