सम

जूनोला जायला रस्ता नाही.
बोट, किंवा विमान, किंवा तिथेच जन्माला यायचं.
कॉर्डेलिया बुगायोंग तिथेच जन्मली.
बाप फिलिपिन्सहून आलेला, साल्मनचे डबे भरायचा,
आई त्लिंगिट, कावळ्याच्या कुळातली.
आता ती अलास्काच्या विधानभवनात नावं पुकारते.

चाळीस नावं.
आडनावांच्या क्रमाने, सकाळी साडेदहाला,
जिभेखाली आल्याची वडी धरून.
वीस जण म्हणतात, हाल्वरसन.
वीस जण म्हणतात, ड्रिस्कॉल.
आज सव्विसावा दिवस.

सभापती नाही म्हणून समित्या नाहीत,
समित्या नाहीत म्हणून विधेयकं नाहीत,
पाद्री मात्र रोज येतो, प्रार्थना म्हणतो,
आणि दिवसेंदिवस ती थोडी आखडती घेतो.
हंगामी अधिकाऱ्याच्या हाती हातोडा आहे, मत नाही.
हाल्वरसन दारात ड्रिस्कॉलसाठी दार धरून उभा राहतो,
ड्रिस्कॉल म्हणतो, आधी आपण.
तिथेही दोन मिनिटं जातात.

बाहेर जो पडतोय तो पाऊसही नाही, बर्फही नाही.

दोष कुणाचा, विचारलं तर जो तो समोर बोट दाखवतो.
बोटंही वीस-वीसच.
पण सत्तरेक वर्षांपूर्वी, फेअरबँक्सच्या हिवाळ्यात
पंचावन्न माणसं घटना लिहायला बसली होती.
पंचावन्न. स्वतः विषम होती, अडली नाहीत.
मी कल्पना करतो, खिडकीबाहेर उणे चाळीस असेल,
फॅरनहाइट आणि सेल्सियस यांचं
जिथे एकदाच काय ते एकमत होतं, तो आकडा.
आत कुणीतरी लिहिलं: सदस्य चाळीस.
गोल वाटला असेल. न्याय्य वाटला असेल.
कुणी दोनाने भागून पाहिलं नाही.

सम म्हटलं की मला तबला ऐकू येतो,
सगळ्या माना एकदम हलतात ती जागा.
इथे सम आहे आणि समेवर कोणी येत नाही.

विसावी जागाही सरळ आली नव्हती.
डिसेंबरात एका मतदारसंघात मतं सारखी पडली,
तेव्हा नाणं उडवलं. ओली की सुकी.
जूनोत सुकी कुठून निघणार, असं कॉर्डेलिया म्हणाली होती
आणि एकटीच हसली होती.

तिच्या टेबलावर एक पत्र पडून आहे,
उत्तरेकडच्या कुठल्याशा गावच्या मास्तरीणबाईंचं:
शाळेचा बॉयलर बंद, मुलं कोट घालून गणितं करतात,
पैसे मंजूर करणारी समिती कधी बसेल?
खाली एका मुलाने पेन्सिलीने बोटीचं चित्र काढलंय,
दोन्ही टोकांना नाळ असलेली.
आवक क्रमांक टाकायलाही सभापतीची सही लागते.

मंगळवारी मात्र गंमत झाली.
ड्रिस्कॉलकडचा एक म्हातारा तापाने आला नाही.
वीस आणि एकोणीस!
सभागृह ताठ झालं, वार्ताहर धावले,
हाल्वरसनने टायची गाठ नीट केली.
मग कुणीतरी नियमाचं पान उलगडलं:
हजर असतील त्यांच्यातून नाही, एकूणातून बहुमत.
एकवीस लागतात.
माणूस आजारी पडला तरी आकडा पडत नाही.
भिजत घोंगडं, आणि वाळत घालायला ऊन नाही.
कॉर्डेलियाने म्हाताऱ्याचं नाव दोनदा पुकारलं,
रिकाम्या खुर्चीकडे बघत,
नियमच तसा आहे.

रात्री भांडी घासताना
तिच्या तोंडून पुन्हा सगळी यादी निघाली, सवयीने,
झ पर्यंत, म्हणजे झिमरमनपर्यंत.
नवरा बाहेरच्या खोलीत जाळी शिवत होता.
चाळीस संपले. नळ चालू होता.
तिने हलकेच एकेचाळिसावं नाव पुकारलं,
बुगायोंग.

आणि गप्प राहिली.
हातात बशी,
आणि तिलाही सांगता येईना कोण.